शिवकालीन बाजारात धान्याचं दुकान लावायचंय, ३००० रुपयांत पोशाख कसा जमवू?

बोरघाटी
डिसेंबरअखेर गडपायथ्याच्या मैदानात दोन दिवस शिवकालीन बाजार भरतोय. माझ्याकडे धान्याचं दुकान आहे: ज्वारी, बाजरी, नाचणी, हरभरा आणि लाकडी मापं. सकाळी ९ ते रात्री ८ मांडी घालून बसायचं, अधूनमधून पोती सरकवायची. काळ साधारण १६७० ते १६८०. आयोजकांच्या अटी अशा: दिसणारं कापड सुती किंवा लोकरी, चेन-इलॅस्टिक-वेल्क्रो नको, मनगटी घड्याळ नको. मला चष्मा लागतो. छाती ४० इंच, उंची साडेपाच फूट. बजेट ३०००, डोक्यापासून पायापर्यंत. घरी शिलाई मशीन आहे, सरळ टीप येते. काय विकत घ्यावं, काय शिवावं?

रांगडा_मावळा
दादा, भाड्याने घ्या ना. आमच्याकडे मिरवणुकीला नेहमी भाड्यानेच आणतात. अंगरखा, सुरवार, शेला, जिरेटोप, मोत्यांची माळ, तलवार, सगळा सेट. फोटो एक नंबर येतात.

मोडीवाचक
धान्य विकणाऱ्याच्या डोक्यावर जिरेटोप? धागा नीट वाचा. आणि भाड्याचा सेट म्हणजे सॅटिन आणि टिकलीची लेस, म्हणजे आयोजकांची पहिलीच अट मोडली. वाण्याला धोतर, वर बंडी किंवा नुसतं उपरणं, डोक्याला पागोटं, थंडीला घोंगडी. संपलं. पुणेरी पगडीही नको, ती पुष्कळ नंतरची.

सुईदोरा
मशीन आहे म्हणता तर बाराबंदी (बारा बंदांनी बांधायची बंडी) शिवा, सरळ टीप पुरते. ३६ इंच पन्ह्याचा (रुंदीचा) मांजरपाट, म्हणजे कोरं जाडसर सुती कापड, अडीच मीटर आणा. आधी गरम पाण्यात रात्रभर भिजवून वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री लावा. कोरा मांजरपाट आटतो. न धुता शिवलात तर पहिल्या धुण्यात बाह्या वर चढतात आणि काख धरते.

छाती ४० ला तयार घेर ४६ ठेवा. मांडी घालून पुढे वाकून मापायचंय, पाठीत ढिलाई हवीच. शिवणीसाठी सोडायचं जादा कापड धरून तुकडे असे:
पाठ २४ × ३१ इंच.
पुढचे दोन पल्ले प्रत्येकी १८ × ३१. दोन्ही मिळून पूर्ण पन्हा जातो.
बाह्या दोन, प्रत्येकी १८ रुंद, २२ लांब. मनगटाकडे निमुळत्या करत तयार ११ इंचांवर आणा.
पाठीशेजारी १२ × ३१ ची पट्टी उरते. तिच्यातून ६ × ६ चे दोन चौबगले (काखेत जोडायचे चौकोनी तुकडे) आणि १० × २ च्या बारा पट्ट्या बंदांसाठी निघतात. कापड वाया जात नाही.

चौबगला काखेत तिरका, चौकटीच्या दोन कोपऱ्यांवर बसतो. तो गाळला तर हात वर करताच संपूर्ण बंडी वर सरकते आणि काखेतली शिवण उसवते. पोती उचलायची तर हे पहिल्या तासातच होईल.

बारा बंद म्हणजे सहा जोड्या. उजवा पल्ला आत घेऊन त्याच्या दोन जोड्या डाव्या बगलेच्या शिवणीला आतून बांधायच्या, मग डावा पल्ला त्यावरून उजवीकडे आणून उरलेल्या चार जोड्या बाहेर. बंद एकेरी कापडावर कधीच टाचू नका, तिथूनच कापड फाटतं. मागे दीड इंचाचा चौकोनी तुकडा द्या आणि फुलीची टीप मारा. बांधताना सुरगाठ. निरगाठ घातलीत तर घामाने आवळते आणि रात्री कात्री शोधावी लागते.

मोडीवाचक
मांडणी उत्तम, पण पल्ल्याचं उलटं सांगताय. मुघल चित्रांत जाम्याचे (लांब घेरदार अंगरख्याचे) बंद हिंदूंचे डाव्या काखेकडे, मुसलमानांचे उजवीकडे दिसतात. म्हणजे वरचा पल्ला डावीकडे जायला हवा.

सुईदोरा
ती चित्रं दरबारी जाम्याची. मापाड्याच्या बंडीला कोण बघतंय? बरं, आरशातली मापं समजा आणि उलटं कापा, तुकडे तेच राहतात. डावा पल्ला आत, उजवा वर.

रेशीमगाठ
बजेट थोडं वाढवा ना. हातमागाचं धोतर, पैठणी काठाचा शेला, कोसा रेशमाचं उपरणं. १२-१५ हजारांत आयुष्यभराचं काम होतं. स्वस्तातलं कापड लांबूनही ओळखू येतं.

बोरघाटी
ताई, ३००० म्हटलंय. आणि बाजरीच्या पोत्यावर कोसा?

डोंगरवाट
धोतराबद्दल कोणीच नीट बोललं नाही, म्हणून लिहितो. पाच वारी, म्हणजे साडेचार मीटरच्या आसपास, शुद्ध सुती, बारीक रंगीत काठ चालेल, जरीकाठ नको. दुकानदार टेरीकॉट पुढे करतो कारण त्याला इस्त्री टिकते. ते घेऊ नका, निऱ्या घसरतात आणि दिव्याची ठिणगी पडली की वितळून कातड्याला चिकटतं. सुताला भोक पडतं, एवढंच.

बांधताना आधी कापडाचा मध्य पाठीवर, दोन्ही काठ पुढे ओढून बेंबीखाली घट्ट गाठ. ही गाठ सैल राहिली तर पुढचं सगळं फुकट. मग एका बाजूचा सोगा पायांतून मागे घेऊन काष्टा खोचा, दुसऱ्या बाजूच्या निऱ्या पुढे. काष्टा खोचताना कमरेत थोडं वाका. ताठ उभं राहून खोचला तर मांडी घालताना ताण येऊन निसटतो. दिवसभर मांडी घालायची असेल तर धोतर पोटरीच्या मध्यावर ठेवा. घोट्यापर्यंत सोडलंत तर उठताना स्वतःच्याच निऱ्यांवर पाय पडतो. आतून आखूड चड्डी घाला, रंग मात्र अंगाच्या रंगाजवळचा. पांढरी चड्डी पांढऱ्या धोतरातून जास्त दिसते.

वरून कमरबंद हवाच. तीन मीटर सुती कापड, हातभर रुंद, दुमडून चार बोटं करा. गाठ त्याखाली झाकते आणि कंबर धरून राहते.

चुलीवरचं
सहमत. मांजरपाट आधी धुवून घ्या, आटतो.

पायली_अधोली
धान्याचं दुकान म्हणताय तर मापं पाठ आहेत ना? दोन नेळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोली म्हणजे पायली. पायलीत बाजरी वेगळी भरते, नाचणी वेगळी भरते, हे माल घेणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. पोशाख कोणीही घालेल.

आणि मका, शेंगदाणा, सोयाबीन दुकानात ठेवू नका. मका आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिकेतले, सोयाबीन आपल्याकडे शेतात आलं ते तर अगदी अलीकडे.

रांगडा_मावळा
मग मिरचीही नको का? तीही अमेरिकेचीच. अख्खा बाजार रिकामा करता का?

पायली_अधोली
मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, १६७० पर्यंत कोकणात ती नवलाची राहिली नव्हती. ठेवा खुशाल.

मोडीवाचक
अवांतर पुरे. पण एक महत्त्वाचं: प्रत्यक्ष विक्री पायली-शेराने करू नका. वैधमापन कायदा २००९ प्रमाणे व्यवहार किलोतच लागतो. मापाने दाखवा, पण पुडी आधी काट्यावर वजन करून ठेवलेली द्या. निरीक्षक आला तर पोशाख बघून सोडणार नाही.

हिरडाबेहडा
रंगाबद्दल. बाजारातलं पांढरंशुभ्र कापड फोटोत निळसर चमकतं, कारण त्यात आणि आजच्या साबणात चकाकी देणारं रसायन असतं. कोरा मांजरपाट मुळातच पिवळट, तो तसाच ठेवा. धोतर पांढरं मिळालं तर नुसत्या हिरड्यात बुडवा: एक किलो कापडाला २०० ग्रॅम हिरडा पूड, दहा लिटर पाणी, रात्रभर. पिळा, सावलीत वाळवा. सायीसारखा रंग येतो, खर्च नगण्य.

पागोट्याला लाल हवा असेल तर मंजिष्ठा. सहा मीटर मलमल साधारण ४०० ग्रॅम भरते. तिला ८० ग्रॅम हिरडा, वाळल्यावर ६० ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात तीन-चार तास, मग ३०० ग्रॅम मंजिष्ठा (आदल्या रात्री भिजवलेली) स्टीलच्या पातेल्यात. आच मंद, पाण्यात हात घालवणार नाही इतपत तापू द्या, पण उकळू देऊ नका. खळखळून उकळलं की लाल जाऊन तपकिरी उरतं. तासभर सतत हलवा, घड्या पडल्या तर डाग राहतात. लोखंडी कढई अजिबात नको, हिरड्याशी लोखंड मिळालं की काळपट होतं. काळं हवंच असेल तर तीच युक्ती मुद्दाम वापरतात, पण लोह जास्त झालं तर सूत कुजतं.

भडक केशरी फेटा टाळा. पहिला कृत्रिम रंग १८५६ चा, त्याआधी असं झगझगीत रंगलेलं सुती कापड धान्याच्या दुकानात बसत नसे.

चुलीवरचं
एवढी खटपट कशाला, चहाच्या पाण्यात बुडवा. झकास जुनं दिसतं.

हिरडाबेहडा
चहाने कापड जुनं दिसतं, रंगवलेलं नाही. दुकानदाराचं कापड रोजच्या वापरातलं असतं हो, थडग्यातून काढलेलं नसतं.

गडकरीण
पागोट्याचं मी सांगते. मलमल ४४ इंच पन्ह्याची, सहा मीटर. लांबीत उभी फाडा आणि एकच पट्टी वापरा, दुसरी कमरबंदाला. दोन खर्च एकात. तांदळाची पातळ कांजी द्या, कोरी मलमल डोक्यावरून सरकते. खाली सुती फडक्याची घट्ट पट्टी बांधा, टोपीपेक्षा घाम कमी येतो.

एक टोक हातभर पाठीवर सोडा. पट्टीला सैल पीळ देत उजव्या कानावरून सुरू करा, कपाळावर येणारा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला तिरका छेदून जाऊ द्या. सगळे वेढे समांतर आले तर पागोटं मडक्याच्या चुंबळीसारखं दिसतं आणि मान वळवली की अख्खं फिरतं. शेवटचं टोक वरून नव्हे, खालच्या वेढ्यात दाबा. टाचणी लावायची नाही. कान अर्धे उघडे ठेवा, गर्दीत गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू आलं पाहिजे.

रेशीमगाठ
वहिनींसाठी नऊवारी घेताय का? इरकल घ्या, सिंथेटिक नको.

बोरघाटी
एकटाच आहे दुकानात.

रेशीमगाठ
तरी इरकल सांगून ठेवते. आठ मीटरच्या खाली नको, काष्टा पुरत नाही.

डोंगरवाट
पायताण राहिलं. नवी कोल्हापुरी पहिल्याच दिवशी अंगठ्याजवळ सोलते. आठ दिवस आधी घ्या, पट्ट्यांना आतून एरंडेल चोळा आणि घरात घालून फिरा. पाण्यात भिजवून सैल करण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. चामडं आधी ताणतं आणि वाळताना आखडतं, तळ सुटतो. चकचकीत पॉलिश, गोंडे, रंगीत वेणी नको. तसं बसल्या जागी अनवाणीच राहाल, पोत्याजवळ चपला काढूनच ठेवायच्या असतात.

घोंगडी अंगावर पूर्ण ओढून बाजरी मापू नका, कुसळं लोकरीत अडकली की निघत नाहीत. खांद्यावरून मागे टाका किंवा खाली अंथरा.

मोडीवाचक
चष्मा. सोनेरी काडीचा गोल काचेचा घ्या किंवा काढून ठेवा. चष्मा युरोपातून आला, पण मुघल चित्रांत चष्मा लावलेली माणसं दिसतात, म्हणजे अगदीच अशक्य नाही. गावच्या वाण्याकडे मात्र कठीण.

सुईदोरा
काढून काय, हरभरा म्हणून खडे मापायचे? मोबाईलला आतल्या पल्ल्याच्या छातीवर ६ × ४ चा चोरखिसा द्या, बाहेरून टीप दिसत नाही. पैसे घेण्याचा क्यूआर लाकडी फळीच्या मागच्या बाजूला चिकटवा, गिऱ्हाईक आलं की फळी उलटी करायची.

रांगडा_मावळा
निदान कमरेला तलवार तरी? बिनधारेची.

मोडीवाचक
पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलं की शस्त्र नियमांचा प्रश्न उभा राहू शकतो. बिनधारेची असली तरी चौकीवर वाद घालत बसाल. वाण्याच्या कमरेला बटवा असतो.

बोरघाटी
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: बाराबंदी शिवणार नाही. सुईदोरा, रागावू नका, तुमची मापं कागदावर उतरवून ठेवली आहेत. शिवलेलं काहीच घालणार नाही: हिरड्यातलं धोतर, उघड्या अंगावर जाडं उपरणं, गडकरीण यांच्या एकाच मलमलीतून पागोटं आणि कमरबंद, वर आजोळची घोंगडी. पागोटं रंगवणार नाही, मंजिष्ठेच्या पैशांत चपला येतात. चष्मा आहे तोच, काळ्या काडीचा. कोणी विचारलं तर पायली-अधोली पाठ म्हणून दाखवेन. एकूण २१०० च्या आत बसतंय.

सुईदोरा
डिसेंबरात रात्री आठपर्यंत उघड्या अंगाने? करा. चोरखिसा कुठे देणार, तेवढं सांगा.

बोरघाटी
कमरबंदाच्या घडीत. चार बोटांची घडी आहे, एका बाजूला टीप मारली की पिशवी होते.

गडकरीण
टीप मारण्याआधी मोबाईल घालून बघा. मलमलीची दुहेरी घडी जड फोनने खाली ओढते आणि काष्टा सुटतो. आत मांजरपाटाचा तुकडा द्या आणि पिशवी पोटावर न ठेवता पाठीकडे फिरवा.