'गो'चा भूतकाळ 'वेन्ट' का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आठवीतल्या एका मुलीला मी इंग्रजी शिकवते. परवा तिने वहीत वॉक-वॉक्ड, प्ले-प्लेड असं ओळीने लिहीत नेलं आणि खाली 'गो-गोएड' लिहिलं. मी लाल पेनाने खोडून 'वेन्ट' केलं. ती म्हणाली, "पण ताई, यात गो कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही, आणि 'अपवाद आहे, पाठ कर' असं म्हणायला जीभ रेटली नाही.

मग शोधत बसले. 'वेन्ट' हे मुळात 'गो'चं रूपच नाही! ते 'वेन्ड' या वेगळ्याच क्रियापदाचं, सेन्ड-सेन्ट, बेन्ड-बेन्टच्या चालीवर. वेन्ड म्हणजे आधी वळणे, मग वाट धरणे. जुन्या इंग्रजीत 'गो'ला भूतकाळासाठी 'एओदे' होतं, तेही गोशी न जुळणारं. पुढे १५००च्या सुमारास दक्षिणेकडच्या इंग्रजीत वेन्टने ती जागा पुरती बळकावली. वेन्डला मग 'वेन्डेड' असं नवं रूप करून घ्यावं लागलं. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत मात्र 'गे'चं (म्हणजे तिथल्या 'गो'चं) सरळ 'गेड' होतं. हे सांगितल्यावर मुलीने खोडलेल्या 'गोएड'भोवती पेन्सिलने चौकट काढली.

नंतर लक्षात आलं, आपलंही तेच की! 'जातो' पण 'गेला'. जाणे हे संस्कृत 'या' धातूवरून, गेला हे 'गत'वरून, म्हणजे 'गम्'मधून. गो आणि गम् कानाला सख्खे वाटतात, पण ते नातं खोटं. गम्चा खरा भाऊबंद आहे इंग्रजी 'कम'. म्हणजे आपलं 'गेला' त्यांच्या येण्याच्या क्रियापदाचं नातलग! ही गोष्ट डोक्यातून जातच नाही.

आता अडलंय ते इथे. 'जा'ला '-ला' लावून 'जाला' का झालं नाही? जुन्या मराठीत 'जाला' म्हणजे 'झाला', तेव्हा गोंधळ टाळायला 'गेला' टिकलं असेल का? हा निव्वळ माझा अंदाज आहे. पण हिंदीतही 'जाना-गया' आहे, तिथे 'जाला'ची अडचण नव्हती, म्हणून शंका येते. प्राकृत जाणणारं कुणी असेल तर कृपया समजावून सांगा. आणि कुणाच्या बोलीत 'जाणे'चा भूतकाळ 'जा'वरूनच होत असेल, तर ते वाक्य जसंच्या तसं इथे लिहा. गुरुवारी तिची पुढची शिकवणी आहे.