आर्क्टिकच्या जुन्या फोटोंखाली मराठीत काय लिहावं? हिमनग, सीमावर्ती, वसाहत, जोतं

शब्दखूण:
नमस्कार मंडळी. आर्क्टिकच्या जुन्या फोटोंच्या एका संग्रहातल्या मराठी ओळी तपासायला माझ्याकडे आल्यात. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नान्सेन याच्या 'फ्राम' जहाजाचे फोटो आहेत, १८९३ ते ९६ च्या सफरीचे, आणि आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गन बेटावरचं लाँगइअरब्येन गाव उभं राहत होतं तेव्हाचे काही आहेत. मसुद्यातल्या तीन ओळी खटकतायत. १) 'हिमनगात अडकलेले फ्राम'. २) 'सीमावर्ती वसाहतीची उभारणी'. ३) 'लाकडी जोत्यावरील घरे'. पर्याय सुचवा आणि कारण पण लिहा, कारण मला पुढे ते पटवून द्यायचंय.

दर्यावर्दी:
ताई, पहिली ओळ तर बदलाच. हिमनग म्हणजे हिमनदीचा कडा तुटून समुद्रात आलेला डोंगर, तो गोड्या पाण्याचा असतो. फ्रामच्या फोटोत आजूबाजूला जे दिसतं ते समुद्राचंच पाणी गोठून झालेलं, बरंचसं सपाट, आणि मधेमधे दाबाने फुटून एकमेकांवर चढलेले तुकडे. त्याला समुद्रबर्फ म्हणा. सुट्या सपाट तुकड्यांना आपल्याकडे चांगला शब्द आहेच की, लादी. मच्छीमार बंदरावर रोज बर्फाच्या लाद्या उतरतात, कोणालाही कळेल. लाद्या चढून जो उंचवटा होतो त्याला बर्फाचा बांध म्हणता येईल.

आणि 'अडकलेले' ला तर माझी जास्त हरकत आहे. अडकणं म्हणजे नको असताना झालेलं. नान्सेनने जहाज मुद्दाम गोठवून घेतलं होतं हो! जीनेट नावाचं जहाज १८८१ साली सायबेरियाच्या उत्तरेला बर्फाने चिरडून बुडालं आणि त्याचं सामान १८८४ मधे पार ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर सापडलं, त्यावरून त्याने ओळखलं की बर्फ तिकडून इकडे वाहत येतोय, मग आपणही त्याच्यासोबतच जाऊ. जहाज बांधणाऱ्या कॉलिन आर्चरने त्यासाठीच फ्रामचं पोट गोलसर बांधलं, पठाण म्हणजे तळातला कणा जेमतेम बाहेर येईल असं, सुकाणू आणि पंखा वर ओढून घेता येतील असे. बर्फाने दाबलं की जहाज चिरडायच्या ऐवजी वर उचललं जावं. इतकं सगळं करून ठेवलेल्या जहाजाला 'अडकलेलं' म्हणणं म्हणजे बांधणाऱ्यावर अन्याय. 'समुद्रबर्फात गोठवून घेतलेले फ्राम' लिहा.

(पठाण हा कोकणातल्या जहाजबांधणीतला शब्द. फोटोखाली नको, पण जहाजाच्या बांधणीवर वेगळा मजकूर असेल तर नक्की वापरा, हे शब्द वापरले नाहीत तर जातील.)

पांथस्थ:
दर्यावर्दी दादांशी सहमत. दुसऱ्या ओळीबद्दल. 'सीमावर्ती' कशाला? कुठली सीमा? मराठी माणूस सीमाभाग वाचला की बेळगाव-कारवारच समजणार. आणि मुळात १९०६ साली लाँगइअर नावाच्या उद्योजकाच्या अमेरिकन कंपनीने तिथे कोळशासाठी गाव वसवायला घेतलं तेव्हा स्पिट्सबर्गन कुठल्याच देशाचं नव्हतं, नॉर्वेचं सार्वभौमत्व १९२० च्या कराराने मान्य झालं (त्या करारात ब्रिटिश साम्राज्यातर्फे भारताचंही नाव आहे, आणि आज आपलं हिमाद्री संशोधन केंद्र तिथेच, न्यूऑलेसुंडला आहे). म्हणजे सीमाच आखलेली नव्हती तिथे सीमावर्ती काय म्हणणार.

'वसाहत' मात्र ठेवा असं माझं मत. काहीजण म्हणतील की त्याला इंग्रजांच्या राज्याचा वास येतो. पण आपण कामगार वसाहत, पोलीस वसाहत म्हणतोच की, आणि लाँगइअरब्येन अगदी तेच होतं, खाण कंपनीची, घरं कंपनीची, राहणारे सगळे खाणीत कामाला. शिवाय तिथे आधीपासून राहणारे लोक नव्हते, व्हेल मारणारे, शिकारी यायचे आणि जायचे. ग्रीनलंड किंवा अलास्काच्या फोटोंना हाच शब्द लावताना मात्र थांबून विचार करा, तिथे हजारो वर्षांची वस्ती होती आणि तिथल्या नव्या गावाला नुसतं 'वसाहत' म्हटलं की फोटोत उभा असलेला स्थानिक माणूस पाहुणा वाटायला लागतो. 'खाण कंपनीची वसाहत, लाँगइअरब्येन' पुरे.

शब्दखूण:
हे कामगार वसाहतीचं एकदम पटलं. जोत्याचं काय?

दर्यावर्दी:
जोतं म्हणजे दगडामातीचा भरीव चौथरा, आणि इथे मुद्दाम भराव टाळतात. जमीन खाली कायमची गोठलेली असते, घराची ऊब सरळ तिला लागली तर ती वितळून मऊ होणार आणि घर खचणार, म्हणून खांब रोवून घर वर उचलायचं आणि खालून वारा खेळू द्यायचा. 'लाकडी खांबांवर उचललेली घरे' लिहा. त्यातच कोळशाच्या बादल्या डोंगरावरून धक्क्यावर नेणारी तारेची लाईन असेल तर तिला सरळ रोपवे म्हणा आणि तिकाटण्यासारखं जे दिसतं ते 'रोपवेचे लाकडी मनोरे'.

शब्दखूण:
मनोरे आहेत, ३ फोटोंत! आता शेवटचं विचारते. नान्सेन आणि ब्रिटिश शोधक जॅक्सन हस्तांदोलन करतायत त्या फोटोखाली 'ऐतिहासिक भेटीचा क्षण, १७ जून १८९६' लिहिलंय. नान्सेन आणि त्याचा सोबती योहान्सन जहाज सोडून स्लेज घेऊन ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत गेले, परत येताना फ्रान्झ जोसेफ लँड या आर्क्टिकमधल्या बेटसमूहावर दगडाचं खोपटं रचून, त्यावर वाहून आलेला ओंडका आणि वॉलरसची कातडी टाकून आख्खा हिवाळा काढला, आणि मग हा जॅक्सन भेटला. 'क्षण' बरोबर वाटतो का?

पांथस्थ:
नाही, 'क्षण' काढा. भेट त्या दिवशीचीच, पण हा फोटो भेटीनंतर काही तासांनी, दोघांना पुन्हा तसं उभं करून काढलेला आहे. 'नान्सेन-जॅक्सन भेट, १७ जून १८९६. भेटीनंतर पुन्हा जुळवून घेतलेला फोटो' एवढं स्पष्ट लिहा.

दर्यावर्दी:
+१. आणि 'दगडाचं खोपटं' तसंच राहू द्या ताई, झोपडी करू नका. जमिनीत खणून अर्धं खाली घेतलेलं होतं ते, झोपडी म्हटलं की कुडाच्या भिंती डोळ्यापुढे येतात.