सस्पेन्शन लिफ्ट केल्यापासून पुढच्या अ‍ॅक्सलचे बूट वारंवार फाटत आहेत, सल्ला हवा

तोरणावाट

नमस्कार. माझ्याकडे फोर बाय फोर डबल कॅब पिकअप असून तिला पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) व कॉइल स्प्रिंग, तर मागे पाटे आहेत. आठवडाभर गाडी कोथरूड ते हिंजवडी अशी धावते आणि शनिवार-रविवारी पानशेत, वेल्हे, ताम्हिणी किंवा वरंधा घाटाकडे जाते. गेल्या डिसेंबरात एका गॅरेजमध्ये पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या डोक्यावर ३२ मिमीचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या जाड चकत्या) बसवून घेतले आणि मागे पाट्यांखाली ठोकळे घातले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत आधी व नंतर मोजले, तेव्हा पुढची बाजू ६५ मिमी वर आल्याचे दिसले.

त्यानंतर ६,००० किमीच्या आत डाव्या बाजूचा आतला, म्हणजे डिफरन्शियलकडचा बूट फाटला. (डिफरन्शियल म्हणजे दोन्ही चाकांत जोर वाटणारा गिअरचा डबा; तिथून चाकापर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकणारे जॉइंट असतात, आणि त्यांतले ग्रीस धरून ठेवणारे घड्यांचे रबरी आवरण म्हणजे बूट.) नवा बसवला, तोही ४,००० किमीमध्ये त्याच जागी चिरला. उजव्या बाजूच्या बुटाच्या घड्या आता चकचकीत दिसू लागल्या आहेत, म्हणजे त्याचाही नंबर लागणार असे वाटते. गॅरेजमधून "रबर हलक्या दर्जाचे होते, या वेळी भारी बूट टाकू" असे सांगण्यात आले. मला ते पटलेले नाही, कारण मूळ बूट लिफ्टपूर्वी ७०,००० किमी कोणतीही तक्रार न करता टिकले होते. शिवाय मी फोर व्हील ड्राइव्ह महिन्यातून जेमतेम दोनदा लावतो, एरवी गाडी मागच्या चाकांवरच चालते. मग पुढचे बूट इतक्या लवकर का झिजावेत? उंची पूर्ण गमावण्याची तयारी नाही, पण दर चार महिन्यांनी बूट बदलण्याचीही नाही. अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

नाना_पेठी

फाटल्यानंतर किती दिवसांनी लक्षात आले, हे आधी सांगा. ग्रीस नुकतेच बाहेर आले असेल आणि आत धूळ शिरली नसेल, तर जॉइंट धुऊन व नवे ग्रीस भरून वाचतो. पूर्ण स्टिअरिंग कापून सावकाश यू-टर्न घेताना कट-कट असा आवाज येत असेल, तर बाहेरच्या जॉइंटच्या गोळ्या आणि खाचा खराब झाल्या आहेत असे समजावे. आतला जॉइंट खराब झाला, तर वेग पकडताना गाडी थरथरते. अशा वेळी नुसता बूट बदलणे म्हणजे मजुरी वाया घालवणे होय.

तोरणावाट

दोन्ही वेळा दोन-तीन दिवसांतच लक्षात आले, कारण रिमच्या आतल्या बाजूला आणि सम्प गार्डवर (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यावर) काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले होते. आवाज नाही, थरथरही नाही.

चाकणचा_अभियंता

तुमची शंका रास्त आहे. दोष रबराचा नसून शाफ्ट जॉइंटपाशी ज्या कोनात वाकतो त्या कोनाचा आहे, आणि कोन तसाच ठेवून कितीही भारी बूट घातला तरी तो काही हजार किलोमीटर जास्त टिकेल, इतकेच.

मागच्या चाकांवर गाडी चालवताना पुढचे शाफ्ट थांबलेले असतात, हा गैरसमज सर्वत्र आहे. जुन्या जीपसारखे हाताने सोडता येणारे हब नसतील, तर शाफ्टचे बाहेरचे टोक चाकाला कायमचे जोडलेले असते आणि चाक फिरले की शाफ्टही फिरतो. फोर व्हील ड्राइव्ह बंद केल्याने इंजिनाचा जोर तेवढा पुढे जात नाही. २४५/७० आर १६ या मापाच्या टायरचा घेर सुमारे २.३५ मीटर भरतो, म्हणजे चाक दर किलोमीटरला साधारण ४२५ फेरे घेते. तुमचा दुसरा बूट ४,००० किमीमध्ये सुमारे १७ लाख वेळा फिरला, आणि प्रत्येक फेऱ्यात त्याची प्रत्येक घडी एकदा दाबली गेली व एकदा ताणली गेली.

लिफ्टमुळे चाक चॅसिसच्या मानाने खाली जाते, डिफरन्शियल मात्र चॅसिसबरोबर वर राहते, आणि या दोहोंमधला शाफ्ट बाहेरच्या बाजूला उतरता होतो. त्यामुळे आतल्या बुटाच्या घड्या खालच्या बाजूला, तर बाहेरच्या बुटाच्या घड्या वरच्या बाजूला एकमेकींवर दाबल्या जातात. मूळ उंचीवर या घड्यांमध्ये थोडी फट असते. ती संपली की रबर रबरावर घासते, तापते, आधी चकचकीत होते आणि मग घडीच्या टोकाशी चिरते. उजव्या बाजूला तुम्हाला दिसलेली चकाकी ही घासण्याचीच खूण आहे.

आतला बूट आधी का गेला, याचे उत्तर जॉइंटच्या जातीत आहे. चाकाकडचा जॉइंट स्टिअरिंगसह वळावा लागत असल्याने साधारण ४५ अंशांपर्यंत वाकू शकतो, तर डिफरन्शियलकडचा तीन रोलरांचा जॉइंट शाफ्टला आत-बाहेर सरकू देण्यासाठी असतो आणि तो साधारण २५ अंशांच्या पलीकडे नेण्यासाठी बनवलेलाच नसतो.

आता स्पेसरबद्दल. डबल विशबोनमध्ये शॉक अ‍ॅब्सॉर्बर खालच्या आर्मच्या जवळजवळ मध्यावर टेकतो, म्हणून वर घातलेल्या ३२ मिमीचे चाकापाशी ६५ मिमी झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोक्यावरचा स्पेसर अख्खा शॉक खाली ढकलतो, त्यामुळे चाक हवेत लोंबकळले की ते पूर्वीपेक्षा तेवढेच जास्त खाली जाते. मूळ लांबीच्या शॉकवर जरा ताठ किंवा लांब स्प्रिंग घालून उंची मिळवली, तर उभ्या गाडीचा कोन तितकाच वाढतो, पण चाकाची खाली जाण्याची मर्यादा शॉकच्या लांबीमुळे जिथल्या तिथे राहते. स्वस्त स्पेसर आणि बरी किट यांत मला दिसणारा खरा फरक हाच आहे.

कृपया शाफ्टवर मोबाइलमधील लेव्हल ठेवून दोन मापे घ्या. एक गाडी सपाट जमिनीवर उभी असताना, दुसरे जॅक लावून, चॅसिस स्टँडवर टेकवून, चाक लोंबकळत असताना.

गिअर_लो

सिलिकॉनचे बूट घ्या. मी तेच लावले आहेत.

नाना_पेठी

सिलिकॉनबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दुकानात रोज येतो. सिलिकॉन मऊ असते, उष्णता चांगली सोसते आणि जास्त कोनात सहज वाकते. मात्र त्याला एकदा बारीक काप गेला की तो भराभर पसरतो, आणि वेल्ह्याकडच्या काळ्या दगडाच्या धारदार कपच्या किंवा कारवीची मोडकी खोडे असा काप सहज देतात. काही बूट कडक प्लास्टिकसारख्या थर्मोप्लास्टिकचे असतात. ते घासणीला व कपच्यांना दाद देत नाहीत, पण जास्त कोनात नीट घडी घेत नाहीत. साधा निओप्रिनचा (कृत्रिम रबराचा) मूळ बूट या दोहोंच्या मधला आहे आणि कोन आटोक्यात असेल तर तोच पुरतो. उभा चिरलेला, गोंदाने चिकटवायचा बूट फक्त घरी पोहोचण्यापुरता वापरावा.

बूट बसवताना बहुतेक गॅरेज एक चूक करतात. शाफ्टकडचे अरुंद तोंड ते जुन्या खुणेवरच आवळतात. तुमच्यासारख्या प्रकरणात ते तोंड शाफ्टवरून काही मिलिमीटर बाहेर सरकवले की घड्या मोकळ्या होतात आणि त्यांच्यात फट राहते. मात्र पट्टी आवळण्यापूर्वी चाक पूर्ण लोंबकळत ठेवून हाताने फिरवावे आणि वरच्या बाजूचे रबर ताणून पांढरट पडत नाही ना, हे पाहावे. पट्टी कानाची, स्टेनलेस स्टीलची आणि तिच्याच पकडीने आवळलेली असावी; प्लास्टिकची केबल टाय ग्रीसच्या उष्णतेत सैल होते. आत मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस, आणि बुटासोबत पाकिटात येते तेवढेच. ठासून भरले तर बूट फुगतो.

आणखी एक. धुलाईनंतर गाडीच्या पोटाला डिझेल-ऑइलचा फवारा मारण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती या गाडीपुरती बंद करा. रबराला डिझेल मानवत नाही. घड्यांवर बाहेरून काही लावायचेच असेल, तर धुऊन-पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा, ग्रीस कदापि नाही.

तोरणावाट

मापे घेतली. दोन्ही जॉइंटच्या मध्यांतले अंतर सुमारे ४०० मिमी आहे. उभ्या गाडीत शाफ्ट १३ अंश उतरता आहे आणि चाक लोंबकळताना २४ अंश. डिफरन्शियल खाली घेण्याची किट बसवली तर उंची तशीच ठेवता येईल का? उन्हाळ्यात शाफ्ट काढूनच ठेवावेत, असेही एकाने सुचवले.

चाकणचा_अभियंता

शाफ्ट काढू नका. अनेक गाड्यांत हबचे बेअरिंग शाफ्टच्या टोकाच्या नटानेच आवळलेले असते आणि शाफ्टविना चाक चालवले तर बेअरिंग सुटे होते.

तुमच्या मापांनुसार ४०० मिमी लांबीवर ६५ मिमी म्हणजे सुमारे ९ अंशांची वाढ, म्हणून मूळ कोन ४ अंशांच्या आसपास असावा. लोंबकळताना २४ अंश म्हणजे आतला जॉइंट त्याच्या मर्यादेला टेकला आहे. ताम्हिणीतल्या खड्ड्यात एक चाक उचलले जाऊन त्याच क्षणी तुम्ही जोर दिलात, तर बूट राहू द्या, जॉइंटच तुटू शकतो.

डिफरन्शियल २५ मिमी खाली घेतल्यास कोन साडेतीन अंशांनी कमी होतो, पण दोन अटी आहेत. पुढचे व मागचे दोन्ही आधार सारखे खाली यायला हवेत. बाजारातील स्वस्त किटमध्ये फक्त पुढच्या आधारांत वॉशर घालतात, त्याने डिफरन्शियल नुसते पुढे कलते, शाफ्टला फारसा फायदा होत नाही आणि डिफरन्शियलला जोर आणून देणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन मात्र बिघडतो. दुसरी अट म्हणजे सम्प गार्डही तेवढाच खाली घ्यावा लागतो, म्हणजे ज्या दगडांसाठी उंची वाढवली, त्यांच्या दिशेने तुम्ही पोट पुन्हा २५ मिमी नेता.

म्हणून माझे मत सरळ आहे. ३२ ऐवजी २० मिमीचा स्पेसर घाला. चाकापाशी सुमारे ४० मिमी उंची उरेल, उभ्या गाडीचा कोन १० अंशांवर येईल आणि लोंबकळतानाचा २० अंशांवर. शाफ्टच्या दृष्टीने डिफरन्शियल २५ मिमी खाली घेण्याइतकाच हा फायदा आहे, तोही एकही नवा भाग न वाढवता. पुढे पैसे जमले की स्पेसर काढून त्याच उंचीची स्प्रिंग घाला. उंची बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागेल, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

गिअर_लो

कागदपत्रांचेही पाहा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. अपघातानंतर विमा कंपनी हे प्रश्न विचारते.

तोरणावाट

सर्वांचे आभार. वॉरंटी संपली आहे, विम्याबाबत एजंटशी बोलतो. स्पेसर २० मिमीचे करून घेतो, दोन्ही बाजूंना मूळ निओप्रिनचे बूट बसवतो आणि अरुंद तोंड सरकवण्याचे काम समोर उभा राहून करून घेतो. एकच शंका उरते: उजवा बूट अजून फाटलेला नाही, तो आत्ताच बदलावा की थांबावे?

नाना_पेठी

घड्या नुसत्या चकचकीत असतील, तर पट्टी कापून तोंड सरकवा आणि नवी पट्टी लावा, बूट तोच राहू द्या. अंगठ्याने घडी उघडून खोबणीत बघा. केसासारखी रेघ दिसली तर मात्र बदला, कारण तो पावसाळ्यातच फाटेल आणि ग्रीस बाहेर आलेले दिसण्याआधीच चिखल आत जाईल. नंतर दर ५,००० किमीला आणि प्रत्येक घाटफेरीनंतर रिमच्या आतल्या बाजूला बॅटरीचा झोत मारून ग्रीसची रेघ आहे का, ते पाहत जा. दोन मिनिटांचे काम आहे, त्यासाठी गाडी खड्ड्यावर घ्यावी लागत नाही.