आईसाठी हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्या पेशंटची सेवा करणारं ठिकाण) बघतोय. चांगलं ठिकाण ओळखायचं कसं?

ओंकार_धायरी

नमस्कार मंडळी. आईला (वय ७१) स्तनाचा कॅन्सर आहे. आता तो हाडांत आणि यकृतात पसरलाय. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला केबिनबाहेर घेऊन सांगितलं की आता केमोचा उपयोग नाही, घरी न्या, सेवा करा.

सेवा करायची तयारी आहे हो, पण करायची कशी? छातीवरची जखम वाहते, तिला वास येतो. त्या वासाचा सगळ्यात जास्त संकोच आईलाच वाटतो, नातवाला जवळ फिरकू देत नाही. कंबर इतकी दुखते की रात्ररात्र डोळ्याला डोळा नाही. आम्ही नवरा-बायको दोघं नोकरीला, बहीण सोलापूरला.

तीन पर्याय समोर आहेत. एक खासगी केंद्र आहे, बंगल्यात चालतं. एसी खोल्या, बाग, '२४ तास नर्सिंग' असं जाहिरातीत लिहिलंय. महिन्याचं पॅकेज आणि वर डिपॉझिट. दुसरं पुण्यात वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह (आजार बरा होत नसला तरी दुखणं-त्रास कमी करणारं) केंद्र, तिथे पैसे घेत नाहीत म्हणतात. बहिणीला ते पटत नाही. फुकटच्या ठिकाणी आईला टाकलं असं चारचौघांत होईल, आणि फुकटात कोण कशाला नीट बघेल, असं तिचं म्हणणं. तिसरा पर्याय म्हणजे घरीच ब्युरोची बाई ठेवायची.

रविवारी खासगी केंद्र बघायला जातोय. तिथे काय बघू, काय विचारू?

---

वसुधा_सिस्टर

ओंकार, मी निवृत्त परिचारिका. नोकरीची शेवटची बरीच वर्षं पॅलिएटिव्ह वॉर्डात काढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रविवारी जाताय हे उत्तम. सोमवारी सकाळी राउंडच्या वेळेला कुठलंही ठिकाण छानच दिसतं. रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, न कळवता जा. ऑफिसात बसून चहा घेऊ नका, वॉर्डात जाऊ द्या म्हणावं.

पहिला प्रश्न एकच विचारा: तुमच्याकडे मॉर्फिनच्या (तीव्र दुखण्यावरच्या, अफूच्या वर्गातल्या) गोळ्या आहेत का? बाग, एसी, देवघर हे सगळं नंतर. आईंच्या हाडांत आजार आहे, त्या दुखण्याला क्रोसिन आणि ट्रामाडॉल किती दिवस पुरणार? मॉर्फिन ठेवायचं तर संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घ्यावी लागते, साठा कुलपात ठेवावा लागतो, गोळीगोळीचा हिशोब वहीत लिहावा लागतो. पूर्वी यासाठी चार-पाच वेगवेगळे परवाने लागायचे आणि एक येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. २०१४ साली एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्यात दुरुस्ती झाली आणि ते एका मान्यतेवर आलं. तेव्हा आज कुणी 'सरकारी कटकट फार असते हो' म्हणालं, तर त्याने ती कटकट करायची नाही असं ठरवलंय, एवढाच त्याचा अर्थ. शेवटच्या आजाराच्या माणसांना ठेवून घ्यायचं आणि मॉर्फिन ठेवायचं नाही, हे मला पटत नाही. तिथून सरळ बाहेर पडा.

दुसरा प्रश्न ऑफिसात नको, ड्युटीवरच्या सिस्टरला विचारा: रात्री दोन वाजता पेशंट कळवळायला लागला तर तुम्ही काय करता? चांगल्या ठिकाणची सिस्टर अडखळत नाही. जादा डोस आधीच लिहिलेला असतो, तो मी देते, अर्ध्या-पाऊण तासाने परत विचारते, नाही थांबलं तर डॉक्टरांना फोन करते, असं ती धडाधड सांगेल. 'डॉक्टर सकाळी येतात' हे उत्तर आलं की समजून घ्या. '२४ तास नर्सिंग' या शब्दांवर जाऊ नका. रात्री किती पेशंटमागे किती जणी, त्यात शिकलेल्या नर्स किती आणि मावश्या किती, हे आकड्यात विचारा. मावश्यांना मी कमी लेखत नाही, आमचा वॉर्ड त्यांच्या जिवावर चालायचा. पण गोळीचा डोस ठरवणं त्यांचं काम नव्हे.

आता डोळ्यांनी काय बघायचं. लोक फरशी बघतात, तुम्ही पेशंटची तोंडं बघा. पडून असलेल्या माणसाचे ओठ फुटलेले, जिभेवर पांढरा थर, असं दोन-तीन खाटांवर दिसलं तर तिथे कुणी वेळेवर तोंड पुसत नाही. मग टाचा बघा. पाय नुसते गादीवर टेकलेत, की पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवलीये? माकडहाड आणि टाच, पहिली जखम इथेच होते. कूस बदलल्याची वेळ लिहिलेला कागद खाटेला असतो, त्यावर आजच्या दुपारच्या नोंदी आहेत का ते बघा. दिवसभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, सरळ रेषेत उतरलेल्या असतील तर त्या एकदम बसून भरल्यात.

जखमेबद्दल. तो वास घालवता येतो, हे आईंना आजच सांगा. विचारा की अशा जखमेचं ड्रेसिंग तुम्ही कसं करता. जाणकार सिस्टर सांगेल की जुना गॉज ओढून काढायचा नाही, सलाईनने भिजवून सुटा होऊ द्यायचा, नाहीतर रक्त येतं आणि पेशंट किंचाळतो. मग हलक्या हाताने धुऊन मेट्रोनिडाझोलच्या (जंतू मारणाऱ्या औषधाच्या) गोळीची बारीक पूड जखमेवर भुरभुरवायची, वर न चिकटणारा थर, त्यावर पॅड. काही दिवसांत वास बराच उतरतो. दुखत असेल तर ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास गोळी द्यायची. या शेवटच्या गोष्टीवरून मी माणूस ओळखते. ज्या ठिकाणी ड्रेसिंगआधी गोळी देतात, तिथे दुखण्याकडे लक्ष आहे. खोलीत उदबत्ती आणि फिनेल यांचा मारा असेल तर जखमांकडे लक्ष नाही.

फुकटाबद्दल बहिणीला माझ्याकडून सांगा. आपल्या देशात या कामाची सुरुवातच विनामूल्य झाली. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ सालचं, देशातलं पहिलं हॉस्पिस. गोव्यातही त्यांचं केंद्र आहे. वारज्याचं केंद्र १९९७ पासून आहे. कॅन्सरच्या पेशंटना घेतात, घरचं माणूस सोबत राहू शकतं, नर्स-डॉक्टरांना तिथे प्रशिक्षणही देतात. पैसे घेत नाहीत म्हणून काळजी कमी, असा हिशोब तिथे लागू होत नाही. पैसे घेणारी सगळी वाईट असंही नाही. फक्त पॅकेजमध्ये काय येतं ते लेखी घ्या. डायपर, ड्रेसिंगचं सामान, ऑक्सिजन, डॉक्टरांची व्हिजिट हे बहुतेक ठिकाणी वेगळं लावतात. आणि पेशंट महिन्याच्या मध्येच गेला तर उरलेले पैसे व डिपॉझिट परत मिळतं का? विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचारा.

---

रानवाटा

सिस्टरांनी लिहिलंय त्यात एक भर. विचारा, 'शेवट जवळ आला की तुम्ही काय करता?'

माझे वडील ठाण्याजवळच्या एका खासगी केंद्रात होते. नाव लिहीत नाही. जेवण चांगलं, माणसं गोड बोलायची. मध्यरात्रीनंतर श्वास बदलला, तेव्हा त्यांनी आम्हाला फोन करायच्या आधी ॲम्ब्युलन्स बोलावली. 'आमच्याकडे डेथ घेत नाही' हे त्यांचं वाक्य. बाबा गेले ते कॅज्युअल्टीच्या स्ट्रेचरवर, हाताला सुई टोचत असताना, आणि आई दाराबाहेर. नकोत त्या नळ्या, हे बाबांनी आम्हा सगळ्यांना वारंवार सांगितलं होतं. शेवटच्या आजाराच्या माणसाला दाखल करून घेता आणि मृत्यू मात्र घेत नाही, मग घेता काय? तो राग अजून गेला नाही.

तेव्हा शेवटच्या दिवसांत औषध कसं देणार (गिळता येत नाही तेव्हा), घरच्यांना रात्री थांबू देणार का, आणि हॉस्पिटलला हलवायचं की नाही हे कोण ठरवणार, या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडून फाइलवर लिहून घ्या.

आई शुद्धीत आहेत तोवर त्यांची इच्छा लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला (शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता दिली, पण मॅजिस्ट्रेटसमोर जायची अट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर होतं.

---

डॉ_कृष्णाकाठ

मी जीपी (जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर) आहे, छोट्या गावात. घरी ठेवायचा विचार असेल तर एक व्यवहाराची गोष्ट आधी ठरवा, नाहीतर त्या दिवशी धावाधाव होते. घरी मृत्यू झाल्यावर कारणाचा दाखला (फॉर्म ४ए) पेशंटला तपासत आलेले डॉक्टर देतात. केवळ फाइल बघून अनोळखी डॉक्टर सही करत नाही, आणि करूही नये. म्हणून तुमच्या फॅमिली डॉक्टरांना आतापासून आईंना बघून जायला सांगा, 'वेळ आली तर रात्रीही याल ना' हे स्पष्ट विचारून ठेवा. त्या दाखल्याशिवाय स्मशानभूमीत अडतं. नोंदणी २१ दिवसांत करायची.

घरी येणाऱ्या टीमलाही हेच विचारा. आठवड्यातून एकदा येऊन बीपी मोजून जाणं म्हणजे होम केअर नव्हे. रात्री फोन कोण उचलतं, आणि उचलणाऱ्याला तुमच्या पेशंटची माहिती असते का? ब्युरोची बाई अंघोळ घालेल, भरवेल, कूस बदलेल. ड्रेसिंग आणि गोळ्यांचं वेळापत्रक तिच्यावर टाकू नका.

गावाकडे असणाऱ्यांसाठी: राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ पासून आहे. काही जिल्हा रुग्णालयांत त्याचे कक्ष आहेत, आपल्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. त्रिवेंद्रमच्या पॅलियम इंडिया या संस्थेच्या संकेतस्थळावर राज्यवार केंद्रांची यादीही मिळते.

---

ओंकार_धायरी

सर्वांचे आभार. रविवारी जाऊन आलो. जागा खरंच छान आहे. मॉर्फिन विचारल्यावर मॅनेजर म्हणाले, 'ते आम्ही ठेवत नाही, भानगडी असतात, आम्ही पॅच (कातडीवर चिकटवायचं दुखण्यावरचं औषध) लावतो.' वॉर्डात एका आजोबांच्या टाचेला पट्टी होती. कूस बदलल्याचा कागद मागितला तर तो रात्रीच्या आठपर्यंत भरलेला होता. मी उभा होतो तेव्हा चार वाजले होते.

वारज्याला फोन केला, रिपोर्ट घेऊन या म्हणाले. बहीण आता फुकटाबद्दल काही बोलत नाही, पण मॉर्फिनला घाबरली आहे. सवय लागेल, आई गुंगीतच राहील, आणि मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलंच, असं तिला वाटतं. पॅच चालणार नाही का?

---

वसुधा_सिस्टर

आठपर्यंतचा कागद चारला भरलेला! आता त्या ठिकाणाचं नाव काढू नका.

पॅच वाईट नाही. फेंटानिलचा (हेही मॉर्फिनच्याच वर्गातलं औषध) पॅच तीन दिवस चालतो, गिळता येत नसेल तर उपयोगी पडतो. पण लावल्यावर नीट लागू व्हायला बारा तास किंवा जास्तच जातात, आणि रात्री अचानक उठलेल्या कळेला तो काही करू शकत नाही. तिथे लगेच देता येईल असं औषध हाताशी लागतंच. नुसत्या पॅचवर केंद्र चालवणं म्हणजे अर्धंच काम. कधी लावायची वेळ आलीच तर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. औषध अंगात भराभर उतरतं, धोका होतो.

बहिणीला सांगा, दुखण्यासाठी डॉक्टरांच्या हिशोबाने घेतलेल्या मॉर्फिनची व्यसनासारखी सवय क्वचितच लागते. लहान डोसने सुरू करतात, साधारण दर चार तासांनी देतात, दुखणं बघून वाढवतात. पहिले दोन-तीन दिवस झोप आणि मळमळ येते, मग ओसरते. कित्येक रात्रींची झोप राहिलेलं माणूस दुखणं थांबल्यावर झोपतं, ते औषधाचंच असतं असं नाही. नीट डोसमधल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. माझ्या वॉर्डात मॉर्फिनवर असलेल्या बायका सकाळी उठून वेणी घालून घ्यायच्या, सुनेला फोनवर लोणच्याचं प्रमाण सांगायच्या. दुखत होतं तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या.

एक त्रास मात्र नक्की होतो आणि तो आपोआप जात नाही: बद्धकोष्ठ. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याची गोळी लिहून दिली का ते बघा. न विचारता लिहून दिली तर ठिकाण योग्य आहे असं समजा. नसेल दिली तर मागून घ्या.

आणि आईंना विचारा. कुठे राहायचं, कोण जवळ हवं, नातवाला कधी आणायचं. त्या शुद्धीत आहेत आणि त्यांना सगळं कळतंय. बाहेर नेऊन तुमच्या कानात सांगितलं म्हणून त्यांच्यापासून ते लपलं असेल असं मला वाटत नाही. चांगल्या केंद्रात डॉक्टर पहिल्या भेटीत त्यांच्याशीच बोलतात, खुर्ची ओढून बसतात, 'तुम्हाला आजाराबद्दल काय माहीत आहे' असं विचारतात. वारज्याला हे लक्षात ठेवून बघा.

जाताना बायॉप्सीचा रिपोर्ट, शेवटचं स्कॅन, डिस्चार्ज कार्ड आणि सध्याच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, नुसती चिठ्ठी नको. रात्री किती वाजता दुखतं, कुठली गोळी दिली, किती वेळ आराम पडला, हे आज रात्रीपासून वहीत लिहायला लागा. पहिला डोस ठरवायला त्याचा फार उपयोग होतो.