शेतातल्या लाव्हऱ्या : ओळख आणि बांधांची निगा

प्रश्न (हुक्केरी तालुका)

नमस्कार. आमची थोडी जिरायत जमीन माळाला लागून आहे. पावसाळ्यात भुईमूग व सोयाबीन आणि त्यानंतर शाळू अशी पिके आम्ही घेतो. मृगाचा पाऊस पडल्यापासून पहाटे आणि तिन्हीसांजेला भुईमुगातून दोन तुटक सुरांची हाक लागोपाठ ऐकू येते, पण पक्षी क्वचितच दिसतो. वरच्या माळावर मात्र आठ-दहा लाव्हऱ्या (लावे) अगदी पायाजवळून एकदम फर्रकन उठतात आणि चहूकडे पांगतात. हे दोन्ही एकच पक्षी आहेत का? दुसरे असे की, आमच्या भावकीत बांध कोरून अरुंद करण्याचा विचार चालू आहे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला माळाचे गवत पेटवण्याची जुनी रीत आहे. हे पक्षी शिवारात टिकावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यांच्यासाठी बाजरीचा एखादा पट्टा राखावा, की पाळीव बटेर आणून सोडावेत?

उत्तर (बेळगाव)

आपल्या वर्णनावरून हे दोन वेगळे पक्षी असावेत. पावसाच्या सुरुवातीला पिकातून दोन सुरांची जोडहाक देणारा तो पावसाळी लावा. त्याच्या नराच्या छातीवर काळा डाग असतो आणि त्याची वीण पावसाळ्यातच होते. माळावर थव्याने राहणारा आणि पाय पडेपर्यंत न हलणारा तो बहुधा जंगली लावा. त्याच्या नराच्या पांढुरक्या पोटावर काळ्या आडव्या रेषा असतात. खडकी लावा त्याचा जवळचा नातलग असून तो अधिक कोरड्या, विरळ झुडपांच्या माळावर राहतो. त्यामुळे अथणी-सौंदत्तीकडे फिरताना या दोघांत गल्लत होऊ शकते. हिवाळ्यात शाळू किंवा हरभऱ्यातून तीन सुरांची हाक आली, तर तो उत्तरेकडून येणारा पाहुणा लावा समजावा.

याशिवाय बटनक्वेल नावाचा वेगळा पक्षीही दिसायला लाव्यासारखाच असतो, पण त्याच्या पायाला मागचे बोट नसते. त्याची मादी नरापेक्षा मोठी व ठसठशीत असते, आणि अंडी उबवण्याचे व पिल्ले सांभाळण्याचे काम नर करतो. म्हणून फोटो मिळाला तर पायाकडे अवश्य पाहावे.

बटेर मात्र कृपया सोडू नयेत. कुक्कुटपालनातला बटेर हा जपानी जातीचा पक्षी असून तो पाहुण्या लाव्याशी संकर करू शकतो, शिवाय पिंजऱ्यातले रोग रानात जाण्याचा धोका असतो.

उत्तर (खानापूर तालुका)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. बाजरीविषयी मात्र स्वतंत्रपणे लिहितो. मोठ्या लाव्याला दाणा पुरतो, पण पिल्लाला पुरत नाही. अंड्यातून बाहेर पडताच पिल्ले आईमागे चालू लागतात आणि पहिले काही आठवडे मुख्यतः किड्यांवर वाढतात. इंग्लंडमध्ये करड्या तित्तिरांची संख्या का घटली याचा अभ्यास झाला, तेव्हा तणनाशकांनी तण गेले, तणांबरोबर किडे गेले आणि पिल्ले उपाशी राहिली, असे एक मोठे कारण पुढे आले. त्यावर तिथे शेताच्या कडेचा पट्टा फवारणीविना ठेवण्याचा उपाय सुरू झाला. अमेरिकेत २००४ पासून बॉबव्हाइट लाव्यासाठी शेताच्या कडेला ३० ते १२० फूट रुंदीचे गवताचे पट्टे राखणाऱ्या शेतकऱ्यांना सरकारी मोबदला मिळू लागला. आपल्याकडे वाटण्या होऊन गुंठ्यांवर आलेल्या शेतात एवढी जागा कोण सोडणार? पण बांध आपल्याकडे आधीपासून आहे, आणि म्हणूनच तो कोरणे हे मला सर्वांत मोठे नुकसान वाटते.

बांधावर मारवेल, पवना, कुसळी असे मिश्र गवत असू द्यावे, मधूनमधून बोरीचे किंवा तोरणीचे झुडूप राहू द्यावे आणि तिथे ग्लायफोसेटसारखे तणनाशक मारू नये. गवत इतके दाटही नको की पिल्लाला खालून धावता येणार नाही. मुळाशी थोडी मोकळी माती हवी, कारण लावे धुळीत लोळून अंग साफ करतात. वैरणीसाठी गवत कापायचेच असते, तेव्हा यंदा एका बाजूचा बांध आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूचा अशी पाळी लावली, तर जनावरांचीही सोय होते. पावसाळी लाव्याची घरटी सप्टेंबरपर्यंत, कधी त्यानंतरही सापडतात. त्यामुळे शक्य असेल तर कापणी गणपतीनंतर काही आठवडे लांबवावी.

सोयाबीनची कापणी मधून सुरू करून कडेकडे यावे. कडेकडून आत गेल्यास पक्षी मधल्या तुकड्यात कोंडले जातात आणि शेवटी विळ्याखाली किंवा यंत्राखाली सापडतात. पेरताना सांडलेले औषध लावलेले बियाणे मातीने झाकावे आणि दाणेदार कीटकनाशक उघड्यावर राहू देऊ नये, कारण पक्षी ते दाणे समजून टिपतात.

माळ पेटवणे तर थांबवायलाच हवे. त्या आगीत आडोसा, गवताचे बी आणि किडे हे सगळे एकाच वेळी जाते, आणि जंगली लाव्याचा थवा वर्षभर त्याच परिसरात राहत असल्यामुळे त्याला दुसरीकडे आसरा मिळत नाही.

उत्तर (निपाणी)

बांधावरचे गवत वाढले की उंदीर आणि साप वाढतात, हा आमच्याकडच्या मंडळींचा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. घराजवळचा व खळ्याजवळचा बांध स्वच्छ ठेवून माळाकडचा तेवढा राखावा, असे सांगितले तर भावकीला पटण्याची शक्यता जास्त आहे. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्तही तितकाच महत्त्वाचा आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. माळाकडचा बांध न कोरण्याबद्दल थोरल्या काकांशी बोलतो. एक शंका उरते : आढळलेल्या पक्ष्यांची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करावी का?

उत्तर (बेळगाव)

अवश्य करावी, सीमेवरच्या या पट्ट्यातल्या शेतांमधून अशा नोंदी हव्याच आहेत. मात्र समाजमाध्यमांवरच्या गटांमध्ये शेताचे नेमके ठिकाण टाकू नये. लाव्याची हाक वाजवून जाळ्यात पक्षी ओढणारे लोक अजून आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानलाव्यांची शिकार करणे आणि त्यांची अंडी गोळा करणे हे गुन्हे आहेत, म्हणून माळावर फासे किंवा जाळे दिसल्यास त्याचा फोटो काढून जवळच्या वनकार्यालयात कळवावे.