मदत हवी आहे : इसुझु व्ही-क्रॉस की टोयोटा हायलक्स? सोलापूर शहर आणि काळ्या रानातली वाट, दोन्हींसाठी

नमस्कार.

गेले तीन महिने मी एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहे आणि घरच्या मंडळींनी या विषयावर माझ्याशी बोलणे आता बंद केले आहे, म्हणून जाणकारांचे मत घ्यावे या हेतूने हा धागा काढतो आहे. इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस घ्यावी की टोयोटा हायलक्स, या दोन पिकअपमधून हे ठरत नाही. दोन्ही गाड्यांची कौतुके भरपूर वाचून झाली. माझ्या वापराला कोणती पुरते आणि कोणत्या गोष्टींसाठी मी विनाकारण जास्त पैसे मोजेन, एवढेच समजून घ्यायचे आहे.

आधी वापर सांगतो. राहणे जुळे सोलापुरात आहे आणि टॉवेलचा छोटा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे, त्यामुळे रोज शहर आडवे ओलांडावे लागते. आठवड्यातून दोनदा मंगळवेढा तालुक्यातल्या आमच्या शेतावर जातो. बेगमपूरचा पूल ओलांडून मंगळवेढ्यापर्यंतचा महामार्ग आता उत्तम आहे. गावापर्यंतचा डांबरी रस्ताही बरा म्हणावा असा आहे. खरी अडचण त्यानंतरच्या सव्वा किलोमीटरची. डाळिंबाची बाग मुरमाड माळावर आहे, पण तिथे पोचणारी पाणंद दुतर्फा ज्वारीच्या काळ्या रानातून जाते आणि मध्ये एक ओढा आडवा येतो.

उन्हाळ्यात त्या वाटेवरून कोणतीही गाडी जाते. पावसाळ्यात मात्र डाळिंबाचे गणित उलटे चालते. पाऊस उघडला की तेल्या या डाळिंबाच्या रोगाच्या भीतीने लगेच फवारणी करावी लागते, आणि नेमकी त्याच वेळी वाट चालण्याजोगी नसते. आपल्याकडे वाफसा आल्याशिवाय, म्हणजे ओल पुरेशी उतरल्याशिवाय, रानात पाय घालत नाहीत. पण तेल्याला वाफशाचे काय पडले आहे! गेल्या हंगामात सलग चार दिवसांच्या पावसानंतर मी आमची जुनी, फक्त मागच्या चाकांवर चालणारी एसयूव्ही त्या पाणंदीत घातली आणि तीनशे मीटरवरच चारही चाकांना चिखलाचे असे लाडू झाले की ती मडगार्डात अडकून फिरेनाशी झाली. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर बोलावून गाडी बाहेर काढली खरी, पण त्या ओढाताणीत वाटेला गुडघाभर चाकोऱ्या पडल्या आणि पुढचे आठ दिवस सगळी वस्ती माझ्या नावाने बोटे मोडत होती. औषधांचे खोके शेवटी खांद्यावरूनच बागेत न्यावे लागले.

म्हणून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी, एवढे पक्के आहे. साधी एसयूव्ही न घेता पिकअपच का, याचे उत्तर मागच्या उघड्या हौद्यात आहे. ठिबकच्या नळ्यांची बंडले, विद्राव्य खताच्या पंचवीस किलोच्या पिशव्या, फवारणीचा एचटीपी पंप, बिघडलेली पाणबुडी मोटार आणि कधी कारखान्यासाठी सुताच्या कोनांची पोती, हे सर्व गाडीच्या आत सीटवर कोंबून मी दोन गाड्यांची गादी फाडली आहे. माल बाजार समितीत नेण्यासाठी मात्र ही गाडी नको. मी हिशोब करून पाहिला : जेमतेम पाच फुटांच्या हौद्यात वीस किलोची कॅरेट दोन थरांत सोळा-अठरा बसतील, म्हणजे तीनशे वीस ते तीनशे साठ किलो. तोड्याच्या दिवशी तेवढ्याने काहीच भागत नाही. त्या कामाला भाड्याचा छोटा हत्ती आहेच आणि पुढेही तोच राहील.

आता गाड्यांविषयी. व्ही-क्रॉसला 1.9 लिटरचे डिझेल इंजिन आहे, 163 पीएस शक्ती आणि 360 न्यूटन-मीटर टॉर्क. हायलक्सला फॉर्च्युनरचेच 2.8 लिटरचे इंजिन आहे. शक्ती 204 पीएस, टॉर्क मॅन्युअलमध्ये 420 आणि ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन-मीटर. कागदावर ही कुस्तीच विजोड दिसते. मी दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या, अर्थात डांबरी रस्त्यावर, कारण नव्या गाडीला चिखल लावू देणारा विक्रेता मला अजून भेटलेला नाही. पुण्याच्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना हायलक्सची ताकद स्पष्ट जाणवते. व्ही-क्रॉसचे इंजिन थोडे आवाज करते, पण भरल्या गाडीने घाट चढायचे नसताना तेवढे इंजिन मला कमी वाटले नाही; आणि सोलापूरकराला घाट म्हणजे काय हे मुळात आठवून पाहावे लागते.

दोन्ही गाड्या शिडीसारख्या चासीवर बांधलेल्या आहेत, दोन्हींना मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत आणि त्यामुळे रिकाम्या हौद्याने गतिरोधकावरून जाताना दोन्ही उसळतात. आईला कमरेचा त्रास आहे. मागच्या सीटवर बसून तिने दिलेला निकाल असा की दोन्ही गाड्यांपेक्षा एसटी बरी. लांबीही दोन्हींची सुमारे 5.3 मीटर, म्हणजे जवळपास साडेसतरा फूट आहे, तेव्हा शहरातल्या जुन्या पेठांत दोन्ही सारख्याच डोईजड होणार. या बाबतीत निवडायला काही उरत नाही.

फरक पडतो तो पुढील गोष्टींत. हायलक्समध्ये मागचे डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना) लॉक करण्याची सोय आहे; मी पाहिलेल्या व्ही-क्रॉसमध्ये तशी कळ नव्हती. हायलक्स 700 मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे कंपनी सांगते, जरी वाहत्या ओढ्यात मी ते करून पाहणार नाही. टोयोटाच्या दुरुस्ती केंद्रांचे जाळे दाट आहे, इसुझुचे त्या मानाने विरळ. आणि हायलक्सच्या वरच्या प्रकारासाठी काही लाख रुपये जास्त पडतात, जे माझ्यासारख्या माणसासाठी एका बहाराचे, म्हणजे फळांच्या एका हंगामाचे उत्पन्न आहे.

तेव्हा माझे प्रश्न असे. काळ्या मातीत डिफरन्शिअल लॉकचा खरोखर किती उपयोग होतो? शहरातल्या दहा-दहा किलोमीटरच्या फेऱ्यांनी बीएस-6 डिझेलचा काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो असे ऐकतो, त्याची कितपत काळजी करावी? आणि ज्यांनी यांपैकी एखादी गाडी आपल्या भागात दोन पावसाळे वापरली आहे, त्यांनी पुन्हा घ्यायची वेळ आली तर तीच घेतली असती का?

प्रतिसाद १

मी बार्शीच्या बाजूला असतो आणि चार वर्षांपासून फोर बाय फोर पिकअप वापरतो आहे. कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.

डिफरन्शिअल लॉकबद्दल आपण विचारले आहे. साध्या डिफरन्शिअलमध्ये जे चाक घसरते तेच फिरत राहते आणि पकड असलेले चाक स्वस्थ बसते. लॉक लावल्यावर दोन्ही चाके एकत्र फिरतात, म्हणून एक चाक हवेत लटकले किंवा एकच बाजू चिखलात गेली तर लॉक देवासारखा धावून येतो. आपल्या ओढ्याच्या उतारावर, जिथे दगड आणि मुरूम आहे, तिथे त्याचा उपयोग होईल. पण काळ्या मातीत चारही चाके एकाच वेळी पकड सोडतात. तिथे लॉक लावून एकाच्या जागी दोन चाके घसरवण्याचे समाधान तेवढे मिळते. टॉर्कचेही तसेच आहे. फोर-लो मध्ये (चारही चाके, सावकाश गतीचा गिअर) गिअर टॉर्कला इतका वाढवतो की 360 आणि 500 हा फरक चिखलात जाणवण्याआधीच टायर हार मानतो.

त्यामुळे पैसे टायरवर घालावेत. गाडीबरोबर येणारे टायर प्रामुख्याने डांबरी रस्त्याचे असतात आणि त्यांच्या बारीक खाचा काळ्या मातीने दहा पावलांत भरून जातात. कंपनीच्याच मापाचे ऑल-टेरेन टायर घ्यावेत; माप वाढवण्याच्या फंदात पडू नये, कारण पुढे नोंदणी आणि विम्याचे प्रश्न निघतात. पाणंदीत शिरण्यापूर्वी हवा वीस-बावीस पीएसआयपर्यंत उतरवावी आणि परत डांबरावर येताच छोट्या कॉम्प्रेसरने भरावी. पिकअपचे मागचे अंग रिकामे असताना हलके असते, म्हणून मागच्या ॲक्सलच्या वर दोन-तीन वाळूची पोती टाकावीत. फरक लगेच कळतो. आणि एक कळकळीची सूचना : दोन्ही गाड्यांच्या फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या मधले डिफरन्शिअल नसते, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-हाय (चारही चाके, नेहमीच्या गतीचा गिअर) लावून वळणे घेऊ नयेत. पुढची-मागची चाके वेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि ताण सगळा पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर आणि शाफ्टवर येतो.

फिल्टरची चिंता आपल्या बाबतीत नको. काजळी शहरात साठते आणि महामार्गावर एकसारख्या वेगाने चालताना जळून जाते. आठवड्यातून दोनदा मंगळवेढ्याला जाणाऱ्याला त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. फिल्टरचा दिवा लागल्यावर मात्र इंजिन मध्येच बंद करू नये.

प्रतिसाद २

माझ्याकडे पिकअप नाही, डाळिंब आहे. सांगोल्याकडची बाग आहे, म्हणून लिहितो.

आपण वाफशाचे वाक्य गमतीने लिहिले आहे, पण माझ्या मते सगळा निकाल तिथेच आहे. सलग चार दिवस पडलेल्या पावसानंतर काळ्या रानातून जाणारी चारचाकी मी तरी पाहिलेली नाही, मग ती तीस लाखांची असो वा तीन लाखांची. आम्ही बागेतच पत्र्याची खोली बांधली. फवारणीच्या बोर्डो मिश्रणासाठी लागणारा चुना आणि मोरचूद, पंप आणि पेट्रोल हंगामाच्या आधीच तिथे नेऊन ठेवतो. पावसात फक्त माणसे चालत जातात. पाणंदीसाठी सर्व खातेदारांनी मिळून ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा. राज्य शासनाने 2021 मध्ये याच कामासाठी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली होती. वाट खडी-मुरमाची झाली तर आपल्या प्रश्नातला निम्मा भाग आपोआप गळून पडेल.

आणखी एक. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी आहे, तेव्हा शेजाऱ्याचा माल भाड्याने नेऊ नका, त्याने कितीही आग्रह केला तरी. नोंदणीच्या कागदावरील भारासहित वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून पाहा. जे उरते त्यातच बसणारी पाच माणसे धरलेली असतात. घरातले सगळे बसल्यावर हौद्यासाठी किती किलो उरतात, हे गाडी घेण्याआधी कळलेले बरे.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. वजनाचे गणित मी केलेच नव्हते, आणि केल्यावर कळले की आई, आम्ही दोघे, दोन मुले आणि मागे खताच्या पिशव्या, अशी जी फेरी मी मनात रंगवली होती ती कोणत्याच गाडीत निर्धास्तपणे होणार नाही. एक तर माणसे न्यावीत, नाहीतर सामान.

पाणंदीचा अर्ज करण्याविषयी वस्तीवर बोललो. गेल्या हंगामातल्या चाकोऱ्या अजून कोणी विसरलेले नाही, त्यामुळे सह्या मिळवायला मलाच घरोघर फिरावे लागेल; पण फिरेन. बागेत पत्र्याची खोली या उन्हाळ्यातच होईल.

हे दोन्ही झाले तर हायलक्सच्या जास्तीच्या ताकदीचे आणि लॉकचे माझ्याकडे वर्षातून चार-पाच दिवसांचे काम उरते. म्हणून माझा कल आता मॅन्युअल व्ही-क्रॉसकडे झुकला आहे, सोबत पहिल्याच दिवशी ऑल-टेरेन टायर आणि एक कॉम्प्रेसर. दुरुस्ती केंद्राची शंका तेवढी शिल्लक आहे. एमएच-13 (सोलापूर) पासिंगची व्ही-क्रॉस वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे की नियमित सर्व्हिसिंग आपण कोणत्या शहरात करून घेता, त्यासाठी गाडी किती दिवस अडकून पडते, आणि क्लच किंवा ब्रेकचे सुटे भाग मागवल्यावर किती दिवसांत हाती येतात. उत्तर आठवड्याच्या आत असेल तर मी बहार धरण्याआधी पैसे भरीन. महिन्यांत असेल तर मात्र हायलक्सच्या सर्वांत खालच्या प्रकाराचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.