१९६० ते ६४ : गाणी नकोत, प्रसंग सांगा

साठच्या दशकाची सुरुवात म्हटलं की लोक लगेच गुणगुणायला लागतात. म्हणून इथे एकच अट: गाणं सांगायचं नाही. त्या चार-पाच वर्षांतल्या सिनेमातला डोक्यातून न गेलेला एखादा प्रसंग सांगा. कुठे, कुणाबरोबर पाहिलात तेही येऊ द्या.

माझ्यापासून सुरुवात. 'बंदिनी' (१९६३). नूतन स्टोव्हपाशी, बाहेर लोखंडावर घण पडतायत, वेल्डिंगचा उजेड तिच्या चेहऱ्यावर येतो आणि जातो. ती एक शब्द बोलत नाही. ती आता काय करणार हे आपल्याला कळतं, आणि तिला थांबवावंसंही वाटत नाही. कॉलेजात असताना फिल्म सोसायटीच्या ओरखडे पडलेल्या प्रिंटवर पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याची ठाकठोक सुरू झाली आणि माझ्या पोटात गोळा आला. बिमल रॉयनी खून दाखवलाच नाही, ऐकवला.

बाल्कनीवाले काका

'मुघल-ए-आझम' (१९६०) आला तेव्हा मी नऊ वर्षांचा. काळा-पांढरा सिनेमा चाललाय आणि मधेच शीशमहाल रंगीत! मला वाटलं माझ्या डोळ्यांनाच काही झालं. वडिलांचा हात ओढला, तर म्हणाले, "गप बस, मलाही दिसतंय."

२००४ साली तो अख्खाच रंगवून आणला. नातेवाईकांची फौज घेऊन गेलो. छान होतं, नाही म्हणत नाही. पण पहिल्या रिळापासून सगळंच रंगीत, मग शीशमहालाची नवलाई ती काय राहिली?

(मी रंगाबद्दल बोललोय. अट मोडलेली नाही.)

शनिवारची नात

'मोलकरीण' (१९६३). दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा लागायचा, तेव्हाची गोष्ट. आजी टायटल्स सुरू व्हायच्या आधीच पदर हातात घेऊन बसायची, रडायच्या तयारीनं. पोटच्या पोराच्या घरी सुलोचनाबाई मोलकरीण म्हणून राबतात, आणि आजीच्या डोळ्यांना धार. मधे बातम्या लागल्या की ती कोरड्या डोळ्यांनी तांदूळ निवडायची. बातम्या संपल्या की जिथं थांबली होती तिथून पुढे चालू.

गेल्या वर्षी मी पुन्हा पाहिला. जरा जास्तच रडवतात, हे माझं प्रामाणिक मत. सुलोचनाबाई रडत नाहीत, नुसत्या मुलाकडे बघतात, तेव्हा मात्र मीही पदर शोधत होते. अंगात टी-शर्ट होता.

हिमशिखर

'जंगली' (१९६१). बर्फ. बास.

— अहो, हे गाणं झालं!

— मी बर्फ म्हटलं.

स्पष्टच बोलते

'साहिब बीबी और गुलाम' (१९६२). दिग्दर्शक म्हणून नाव अबरार अल्वींचं, पण खरा सिनेमा गुरुदत्तचा की त्यांचा, यावर लोक तासन्‌तास भांडतात. भांडोत बापडे. मला एकच जागा हवी. भूतनाथ पहिल्यांदा छोटी बहूसमोर येतो तो मान खाली घालून. त्यामुळे आपल्यालाही आधी दिसतात ती आळता लावलेली पावलं. आवाज येतो, तरी चेहरा नाही. आणि मग मीनाकुमारी! इतकी वाट बघायला लावून दाखवलेला चेहरा त्या वाट बघण्याला पुरून उरतो.

जबाचे प्रसंग हल्ली मी पुढे ढकलते. वहिदा रहमानची माफी मागून.

घरचं कोर्ट

आमच्याकडे 'पाठलाग' (१९६४) की त्यावरून निघालेला 'मेरा साया' (१९६६), हा खटला लग्नापासून चालू आहे. ह्यांनी आधी हिंदी पाहिला, मी मराठी. बायको गेल्याचं दुःख करणाऱ्या माणसापुढे हुबेहूब तिच्यासारखी बाई उभी राहते आणि म्हणते, मीच ती. हिंदीत उदयपूर आहे, रंग आहेत, साधना आहे, सगळं कबूल. पण त्या थाटामाटात माझं लक्ष साड्यांकडे जातं. राजा परांजप्यांच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर बघायला दुसरं काही नसतंच. बाईचा चेहरा आणि आपला संशय. ह्यांचं म्हणणं, मी पक्षपाती आहे. आहेच.

ग्लासभर

'तेरे घर के सामने' (१९६३). देव आनंदला समोरच्या ग्लासात इवलीशी नूतन दिसते. ग्लासात बर्फ पडतो आणि ती बिचारी कुडकुडायला लागते. मी सातवीत असताना हे बघून घरी पाण्याच्या पेल्यात बर्फ टाकून बराच वेळ बघत बसलो होतो. आईनं ताप आहे का बघितलं.

आणि आत्ता धागा वाचताना लक्षात आलं, 'बंदिनी'ही त्याच वर्षीचा. म्हणजे वर स्टोव्हपाशी बसलीय तीच ही!

प्रसंग गाण्यातलाच आहे, अट मोडली. हवं तर उडवा.

— राहू द्या. नूतनसाठी माफ.